ओट्यावरची विळी

तुळशी : ...सकाळपासून घरघर लावतोस ने ती बिल्डिंगवाली बाई वरून विचारते कशी, "मावशी, तुमच्या मागच्या दारी दिवाळी चाललीय का?" तुझ्या त्या ग्राइंडरच्या ठिणग्या तिच्या खिडकीतून दिसतात. रविवार हाय, लोकांना झोपू दे की रे.

कमलेश : दहा वाजून गेले, आये. आणि आता ग्राइंडर बंद. आता फक्त कानस. ये, बस या खुर्चीत. काठी दे इकडे.

तुळशी : काठी राहू दे माझ्याजवळ. ने हा वास कसला? गोठ्यात वडे तळतोस?

कमलेश : नाक्यावरच्या वडेवाल्याचं उरलेलं तेल आणलंय. पोलाद लाल तापवून यात बुडवायचं, म्हणजे कडक होतं. मागच्या वेळी हुशारी करून पाण्यात बुडवलं. टणकन आवाज आला, मधोमध चीर!

तुळशी : म्हशी जेल्या ने त्यांच्या जागी तू आलास. म्हशी दूध तरी द्यायच्या.

कमलेश : दिवसभर ऑफिसात विम्याचे क्लेम बघतो मी. रविवारी काहीतरी हाताला लागेल असं करू दे ना.

भाविका : चहा घ्या, आई. अहो, एक विचारू? माझा ओव्हन सकाळपासून दोनशेवर का चालू होता? आत तर काहीच नव्हतं.

कमलेश : टेस्टिंग. ओव्हनच्या काट्यावर भरवसा नाही ना, खरंच दोनशे होतात का ते बघत होतो. कसंय, तेलातून काढलेलं पातं काचेसारखं असतं. पडलं की खल्लास. मग ते ओव्हनमध्ये दोनेक तास मंद शेकायचं. थोडं नरम पडतं, पण धार टिकते.

भाविका : माझ्या केकच्या ओव्हनमध्ये तुम्ही लोखंड भाजणार?

कमलेश : पोलाद.

भाविका : हां, मग चालेल! पोलाद आहे म्हटल्यावर काय!

तुळशी : थांबा गो. पातं म्हनलास. कसलं पातं?

कमलेश : काही नाही. टाइमपास.

तुळशी : त्या फडक्याखाली काय हाय? काढ.

भाविका : दाखवा आता. कधीतरी दाखवायचंच आहे.

तुळशी : ही विळी हाय.

कमलेश : हो. ट्रकचा जुना कमानपाटा आहे, चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी. उल्हासनगरच्या भंगारवाल्या साईंकडून आणला. "कट कराके ले जा, बेटा," म्हणाला. कापला, वाकवला, घासून पातळ केला. आणि हे बघ, खाली पाट नाही, शिकंजा आहे. ओट्याच्या कडेला आवळायचा नि उभ्यानं कापायचं. खाली बसायला नको, पाटावर पाय दाबायला नको.

तुळशी : कुनासाठी?

कमलेश : कुणासाठी म्हणजे... तुझ्यासाठी.

तुळशी : मना विचारलंस?

कमलेश : विचारलं असतं तर नाय म्हणाली असतीस.

तुळशी : मग? नाय म्हनायचं ते मी म्हनायचं ना! लकव्याचा झटका आला, उजवा पाय दुमडायचा बंद झाला, तेव्हा जुनी विळी माळ्यावर टाक म्हनून मीच सांगितलं. कुनी काढून घेतली नव्हती माझ्याकडून. ते खातं मी बंद केलं.

भाविका : आई, रागवू नका. पण कोळणीकडून कापून आणते ते मासे तुम्ही खात नाही.

तुळशी : खाते की.

भाविका : रस्सा खाता. मासा ताटात तसाच असतो.

तुळशी : ती हातभर जाड तुकडे करते ने त्यात आतपर्यंत मसाला जातच नाय. तुला काय बोलू? तू बिचारी कामावरून येताना आनतेस.

भाविका : बोलायचं की! मला वाटायचं माझा मसालाच बिघडतो. इतके दिवस मी मसाला बदलत बसलेय!

कमलेश : आये, नुसती हातात तर धरून बघ. अजून धार लावलेली नाही.

तुळशी : वाक बरा दिलास. पन ही पुढं जाळी कसली?

कमलेश : गार्ड आहे. बोट लागू नये म्हणून.

तुळशी : मग मासा पन लागायचा नाय.

कमलेश : थोडी प्रॅक्टिस झाली की...

तुळशी : मी पोर हाय का? लग्नाआधीपासून मासे कापते मी. काढ ती जाळी.

कमलेश : नाही काढणार. तुझ्या उजव्या हाताला कळत नाही, आये. त्या दिवशी तापलेला तवा धरलास. मी ओरडलो तेव्हा सोडलास. ओरडलो नसतो तर?

तुळशी : ...हां. नाय कळला तो तवा.

कमलेश : मी रोज घरी नसतो. मला तेवढी भीती वाटते, बस.

तुळशी : इकडं ये. हे बघ. उजवा हात शेपटी धरील, लांब. त्याला तेवढं येतं. पात्याजवळ डावा जाईल. डाव्याला सगळं कळतं, मुंगी चढली तरी कळतं. फक्त तुझं पातं उलट्या अंगाला हाय. ते डाव्याकडं फिरव.

भाविका : म्हणजे शिकंज्यावर दुसऱ्या बाजूनं बसवायचं?

कमलेश : त्याला पात्यात नवीन भोकं पाडावी लागतील. आणि ती आत्ताच. एकदा कडक झालं की ड्रिल नुसतं घसरतं.

तुळशी : मग पाड आत्ताच.

कमलेश : आणि जाळी?

भाविका : अहो, आई ओट्यापाशी उभी राहते म्हणतायत. तुम्हाला आणखी काय पाहिजे?

कमलेश : ...पाना दे तो. काढतो.

तुळशी : मी हितंच बसते. भाविका, तू पन बस. चहा निवला तर निवू दे.

कमलेश : झाली भोकं. आता भट्टी. दोघी मागे सरका. आये, हा चष्मा घाल.

तुळशी : चष्म्यावर चष्मा?

कमलेश : घाल ना.

भाविका : या चार विटा आणि गॅसचा बर्नर, एवढीच तुमची भट्टी? मला वाटलं काय कारखाना काढलाय!

तुळशी : लाल झालं, लाल झालं! बुडव!

कमलेश : थांब. आधी लोहचुंबक लावून बघायचं. अजून चिकटतोय... अजून... आता बघ. चिकटत नाही.

तुळशी : लोखंड ने चुंबक चिकटत नाय?

कमलेश : एवढं तापलं की नाही चिकटत. तीच खूण. सरका, बुडवतोय!

भाविका : अगं बाई! जाळ!

तुळशी : झाकन टाक, झाकन!

कमलेश : टाकलं, टाकलं. विझला. घाबरू नका. आता थोडं थांबू... चीर नाही. वाकलंय का? नाही. सरळ आहे! ही कानस बघ, नुसती सरकते, घासतच नाही. जमलं, आये!

तुळशी : भुवई जळली तुझी.

कमलेश : खरंच?

तुळशी : थोडी. येईल परत. भाविका, दे गो बाई त्याला तुझा ओव्हन.

भाविका : साबणानं घासून, पुसून, कोरडं करून. नाहीतर दारातून परत पाठवीन.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, स्वयंपाकघरात.)

भाविका : बांगडे अख्खे आणलेत, आई. कोळीण सुरी घेऊन तयारच होती. म्हटलं, राहू दे, घरी कापतील. ती बघतच राहिली.

कमलेश : शिकंजा मी परत एकदा आवळलाय. आणि हे स्टेनलेस नाही हं, गंजतं. कापून झालं की पुसायचं नि खोबरेल लावायचं.

तुळशी : रंग बरा चढलाय. भाताच्या पेंढ्यासारखा.

कमलेश : शेकल्यावर तोच रंग यायला हवा. ए, हळू. अंगठा... अंगठा आत घे. आये, उजवा लांब...

तुळशी : कमलेश.

कमलेश : काय?

तुळशी : बाहेर जा.

कमलेश : मी काही बोलत नाही. नुसता उभा राहतो.

तुळशी : तू श्वास रोखतोस ने मना ऐकू येतं. जा पडवीत.

भाविका : जा हो. मी आहे.

कमलेश : ...आये?

तुळशी : जिती हाय!

कमलेश : मग आवाज का येत नाही?

भाविका : धार चांगली लागलीय, म्हणून येत नाही! बसा गप.

तुळशी : खरंच गो. कुरकुर नाय, काय नाय. नुसती जाते.

भाविका : दमलात का? उरलेले मी करू?

तुळशी : नको. ही काठी तेवढी बाजूला ठेव, पायात येते. मी ओट्याला टेकून उभी हाय.

भाविका : ठेवली.

कमलेश : झालं का? येऊ आत?

तुळशी : ये आता. हात धुऊन ये. भाविका, हळद-मीठ काढ. ने ऐक, पहिला तुकडा तिरका जेलाय, तो मना वाढ. बाकीचे सगळे सारखे हायत.