तळहातावरचा वर्ग

मी मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते. शेजारच्या बाकावर दोन शिक्षिका होत्या. एक निवृत्तीला आलेली, दुसरी तिच्या मुलीच्या वयाची.

"आपल्या शाळेवर कुणीतरी बिननावाचा ब्लॉग लिहितं, तो वाचतेस का गं?"

"कधीतरी. का हो, बाई?"

"मी रोज वाचायचे. मुख्याध्यापकांच्या करकरणाऱ्या बुटांवर लिहिलं होतं ना, तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली माझी."

"लोक काय, काहीही लिहितात."

"काहीही कशाला? छान लिहितात. परवा माझ्यावर होतं."

"तुमचं नाव होतं त्यात?"

"नाव नव्हतं, हात होता. एक बाई मुलांची नावं तळहातावर लिहून वर्गात जातात आणि घाम आला की अख्खा वर्ग पुसला जातो, असं."

"बाई, पाणी देऊ का तुम्हाला?"

"नको. गणिताच्या सरांनी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे हसले. मीसुद्धा हसले, नाहीतर कळलं असतं ना. तू एकटीच हसली नाहीस."

धाकटीनं पुढे केलेली पाण्याची बाटली पर्समध्ये परत ठेवली.

"आता हात स्वच्छ धुऊन वर्गात जाते. सगळ्यांनाच बाळ म्हणते. काल एकीनं विचारलं, बाई, माझं नाव विसरलात का?"

"बाई, मी ते आजच काढून टाकते."

"राहू दे गं. हात मी तुला एकटीलाच दाखवला होता, एवढंच. चल, आपला नंबर आला. डॉक्टरांनी काही विचारलं आणि मला आठवलं नाही, तर तू सांग. तुझ्या सगळं नीट लक्षात राहतं."