आमचाच माळ, पिरीमियमचं तिकीट

माझं नाव हिराबाई. गाव दहिवडीच्या पुढं, माणदेशात, आन् आता ऱ्हायाला हितं कुपवाडला, पोराच्या दोन खोल्यांत. गावाचं नाव नगा लिवू ताई, लिवून तरी काय, निस्ता माळ हाय तितं, कुसळं आन् दगडं. आमी धनगर. माझा जल्म मेंढरात झाला, म्हंजे खरंच मेंढरात, आई सांगायची, बिऱ्हाड घिऊन खाली निघालो व्हतो आन् वाटंतच कळा आल्या, दोघींनी घोंगडं आडवं धरलं, झालं, दुसऱ्या दिवशी आई परत चालाय लागली. म्हंजे मी जल्मले ती चालतच जल्मले बगा.

लगीन झालं ते बी मेंढरंवाल्यातच. पाऊसकाळात गावाकडं माळावर, आन् गवत संपलं की खाली किस्नाकाठाला, पलूसच्या अंगाला, बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवायची. त्येंच्या रानाला खत हुतं, आमाला दानं मिळायचं. घोड्यावर सामान, सामानावर कोंबड्या, कोंबड्यांच्या शेजारी माझा तान्हा मारुती बांधलेला, आन् मी चालतीया. गुडघं माझं तवाच गेलं, आता निस्ता आवाज करत्यात.

आन् लांडगा. त्येचं ऐकायला आलाय न्हवं तुमी, सांगते. आमच्या घरात अशी रीत व्हती, दर सालच्या कोकरातलं पयलं कोकरू लांडग्यानं न्हेलं तर त्येच्या मागं पळायचं न्हाई, त्येचा वाटा म्हनायचं आन् गप बसायचं. दुसऱ्याला मातूर वरडायचं. सुरवातीच्या सालात मला काय ठावं ह्ये, मालक बाजाराला गेलं व्हतं, मी एकली, पाठीला मारुती बांधलेला, आन् सकाळच्या उन्हात माझ्या डोळ्यादेखत त्यानं कोकरू उचललं, पाक हातभर अंतरावरनं, मी शिव्या दिल्या, दगडं मारली, रडले. मालक आलं आन् म्हनलं, पयलं व्हतं न्हवं, मग शिव्या कशाला देतीस, त्येला बी लेकरं हायती. मला असा राग आला, काय सांगू तुमाला. मानसाला बायकूपरीस लांडग्याची कीव जास्त. मग त्येंनीच मला वरडायला शिकवलं. नरड्यातनं न्हाई, पोटातनं. हाऽऽय हाऽऽय, आला रं आलाऽऽ, असं. ह्या डोंगरावर वरडलं की त्या डोंगरावरची मेंढरं गोळा व्हायची. पुढं पंधरा-सोळा वर्सं मी वरडले. लांडग्याचं कान दिसलं की माझं तोंड आपसूक उघडायचं, इचार करायला लागायचाच न्हाई.

मेंढरं मीच इकायला लावली. खोटं कशाला बोलू. मारुती दहावीला गेला, मी म्हनलं बास झालं आता चालनं, पोरगं एका जागी ऱ्हाऊ द्या, मला बी डोक्यावर पत्रा पायजे. मालक कायच बोललं न्हाईत. तू म्हनतीस तर, एवढंच. आटपाडीच्या बाजारात न्हेली आन् मोकळ्या हातानं आलं, हातात निस्ती काठी. भांडलं असतं तर बरं झालं असतं. भांडलं न्हाईत ते माझ्या मनात ऱ्हायलं.

मग कुपवाड. मारुती लेथवर लागला, मालक एका कारखान्यात राखनदार म्हनून बसलं. खुर्चीवर. आयुष्यभर हुबं ऱ्हायलेला मानूस खुर्चीवर बसला की कसा दिसतो बगा, पावन्यासारखा. अशी बारा वर्सं गेली. गेल्या साली मला ध्यानात आलं की येंना चा खाली ठेवला तर दिसत न्हाई. कप समोर, आन् हात भलतीकडंच चाचपतोय. पर कप घिऊन येनारा हात मातूर दिसायचा. हुब्या गाडीला धडकायचं आन् येनाऱ्या गाडीला बरोबर बाजूला व्हायचं. मी म्हनायची सोंग करताय व्हय. सोंग न्हवतं वो. मिरजंला डागदरनं सांगितलं काचबिंदू हाय, लय उशीर केला, गेलेली नजर माघारी येत न्हाई, हाय ती बी सा म्हैनं, आठ म्हैनं.

घरी आलो. मग मारुती म्हनला, आबा, काय बघायचं ऱ्हायलंय का तुमचं, सांगा, मी न्हेतो. मला वाटलं देवाचं म्हनतील, न्हाईतर लेकीचं घर म्हनतील. मालक म्हनलं, लांडगा.

आमी हासलो. सूनबाई तर पदर तोंडात घालून हासली. मालक हासलं न्हाईत.

आता लांडगा कुटनं आनायचा, तर मारुतीनं फोनात शोधलं. आन् काय निघालं म्हनताय? आमच्याच गावाच्या माळावर, आमी जितं मेंढरं चारली तितंच, कुनीतरी सफारी काढलीया. तारंचं कुंपन घातलंय, मेंढरांना बंदी, मानसांना तिकीट. मी म्हनलं परत वाच. परत वाचलं त्येनं. तिकिटं दोन तऱ्हेची. साधं म्हंजे गाडीत धा मानसं भरायची, काचंतनं बघायचं, चक्कर मारून भाईर. आन् दुसरं पिरीमियम. पाटंचं न्यायचं, उघड्या जीपमदी, संगं एक गाइड, मग पान्याच्या तळ्यापाशी लपन केलंय त्यात बसवायचं, दुर्बीन द्यायची, आन् वरनं नाष्ट्याला पोहं. मी म्हनलं पोहं मी घालते येंना, आन् लांडगा दिसंल का त्ये वाच. तर खाली बारीक अक्षरात लिवलेलं, जनावर दिसंलच असं न्हाई. बगा म्हंजे. बकरं घेताना तरी दात बघू देत्यात.

चार दिवस तेच चाललं घरात. मारुती म्हनायचा, आये, साध्या गाडीत आबाला मागं बसवत्याल, काचंतनं काय दिसनार त्येंना, पिरीमियम घेऊ, एकदाच तर हाय. मी म्हनायची, अरं त्या लांडग्यानं आमची कोकरं फुकट खाल्ली आन् आता त्येचं तोंड बघायला आमीच पैसं द्यायचं, आन् त्येबी आमच्याच माळावर? सूनबाई काय बोलायची न्हाई, पर तिच्या तोंडावर दिसायचं की बाई, ह्ये पैसं कुटनं येनार. पैसं व्हतं, माझ्या गुडघ्यासाठी ठेवल्यालं. मारुती ते काढू म्हननार न्हाई ह्ये मला ठावं व्हतं, आन् मी सोताहून म्हनंना, हे बी मला ठावं व्हतं. लय थकले ताई त्या चार दिवसांत. चालून थकले त्येच्यापरीस जास्त.

पाचव्या दिवशी मालक भाईरनं आलं, दारातल्या चपला चाचपत बसलं, दोन्ही चपला समोर हायती आन् हात फरशीवर फिरतोय. मी बघत बसले. मग आत जाऊन मारुतीला म्हनलं, काढ तुझं ते पिरीमियम. एकच काढ. तर मालक दारातनं वरडलं, एकलं मी न्हाई जानार, मला कोन सांगनार कुटं काय हाय ते. मग दोन काढली. गुडघ्यांना म्हनलं, बास, आता मरस्तवर आवाज करा.

मारुतीनं मैतराची गाडी मागून आनली, पाटंचं निघालो. फाटकापाशी पोचलो तर मारुती भाईर थांबला, त्येचं तिकीट न्हवतं. आमी दोघं जीपमदी. संगं पुन्याची नवराबायकू, त्येंच्याकडं असला मोठा क्यामेरा, आन् गाइड पोरगं, गावातलंच, पर आमाला वळखंना. मालक जीपमदी बसून मला सांगाय लागलं, हितं खडक हाय बग, हितं बाभळ व्हती, हितं तुझा पाय मुरगाळल्याला. दिसत काय न्हवतं त्यास्नी, तरी चाकाच्या हादऱ्यावरनं सांगत व्हतं. गाइड म्हनला, बाबा, आवाज नको. मालक गप झालं. आपल्या माळावर आपुन गप.

लपनात बसलो. दगडाची भित, त्यात भोकं ठेवलेली. गाइडनं बजावलं, शिंकायचं बी न्हाई. उजाडलं. तळ्याच्या पलीकडं टेकाड, टेकाडावर कुसळं. मग पुन्याच्या बाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं, आन् मी बघितलं तर आला व्हता की. दगडात दगड झाल्यावानी हुबा, हालत न्हाई, डुलत न्हाई. मी मालकांच्या कानात म्हनलं, आवं, त्या मोठ्या दगडाच्या डाव्या अंगाला. मालक मान हालवत व्हतं, व्हय व्हय. दुर्बीन डोळ्याला लावली, व्हय व्हय. मला वाटलं दिसला. जीव भांड्यात पडला माझा. म्हनलं चला, पैसं कारनी लागलं.

तेवढ्यात कुंपनाच्या पल्याड, कुनाची तरी मेंढरं असतील वो, घंटा वाजली, आन् एक कोकरू वरडलं. लांडग्याचं कान फिरलं. पोट खाली गेलं, भुईला टेकलं. आन् ताई, माझं तोंड माझं ऱ्हायलं न्हाई. हाऽऽय हाऽऽय, आला रं आलाऽऽ. पोटातनं. उभ्या जल्मात वरडले न्हवते तशी वरडले.

लांडगा उठला आन् पळाला. डावीकडनं उजवीकडं, टेकाडाच्या धारंनं, एकदा मान वळवून बघितलं आन् गेला पल्याड.

मग काय. पुन्याच्या बाईनं क्यामेरा मांडीवर ठेवला आन् म्हनली, काकू, आम्ही तिसऱ्यांदा आलोय हो. रागानं न्हाई म्हनली, त्येच लागलं. गाइड म्हनला, मावशी, फाटकावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिवलंय. मी म्हनलं बाबा, मला वाचाय येत न्हाई. पर ते काय खरं न्हवं, वाचाय आलं असतं तरी वरडलेच असते. मला तितंच भुईत जावंसं वाटलं. एकदा मेंढरं इकायला लावून येंच्याकडनं लांडगा घेतला, आन् आता दुसऱ्यांदा घेतला मी, ते बी डोळं जायच्या वक्ताला. पोहं दिलं, ते तसंच ताटलीत ऱ्हायलं.

जीपमदी मी पदर तोंडाला लावून बसले. मालकांनी माझा गुडघा चाचपला, हात ठेवला आन् म्हनलं, हिरा, रडतीस कशाला, दिसला की. मी म्हनलं, आवं मी वरडायच्या आधी दिसला व्हता न्हवं, पोटभर बघितला असता. तर म्हनलं, आधी कुटं. आधी मला निस्ता माळ दिसत व्हता. तुमी सगळी दाखवताय म्हनून मी मान हालवत व्हतो. तू वरडलीस आन् त्यो पळाला, तवा दिसला.

मला वाटलं माझं मन राखत्यात. जल्मभर राखलंयच त्येंनी. म्हनून मी म्हनलं, खोटं नगा बोलू. मग मालक म्हनलं, खोटं कशाला, मागल्या डाव्या पायात उनी हाय त्येच्या, पाय टेकत न्हाई पुरा, उचलून धरतो. गाइडनं गाडी थांबवली. मागं वळून म्हनला, बाबा, तुमाला कुनी सांगितलं? आमी त्येला त्या पायावरनंच वळखतो, पर उभा असला की कळत न्हाई, पळाला तरच कळतं. मालक म्हनलं, मग पळालाच की.

तवा मला कपाचं आठवलं. ठेवलेला कप दिसत न्हाई, आननारा हात दिसतो. रोज बघत व्हते मी, आन् त्या लपनात चांगली अर्धी घटका हुब्या लांडग्याकडं बोट दाखवत बसले, येडी.

फाटकापाशी मारुतीनं इचारलं, आबा, दिसला का? मालक म्हनलं, तुझ्या आयनं दाखवला. पुन्याची बाई ऐकत व्हती, जाताना माझ्या हातावर हात ठेवून गेली. तिचा फोटू मातूर बुडाला तो बुडालाच, त्येचं मला अजून वाईट वाटतं.

आता गल्लीतली इचारत्यात, मावशी, साधं घ्यावं का पिरीमियम, परवडतं का. मी काय सांगू. साध्या गाडीत काचा व्हत्या, काचंतनं माझा आवाज भाईर गेला नसता. एवढंच मला कळतं, त्येच्यावरनं तुमी काय ते ठरवा.

दिवाळीपातूर नजर गेली सगळी. आता हालनारा हात बी दिसत न्हाई. दारात बसत्यात, कारखान्याच्या गाड्या आल्या की आवाजावरनं सांगत्यात कुनाची पाळी सुटली. मी दमते ताई, येंना न्हायला घालायचं, जेवाय घालायचं, गुडघं वाकत न्हाईत. चिडते बी. चिडले की गप बसत्यात, पयल्यासारखंच.

आन् मग कवातरी दुपारचं, घरात कुनी नसलं की म्हनत्यात, हिरा, एकदा वरड की. मी म्हनते, आवं गल्ली गोळा हुईल. म्हनत्यात, हळू वरड. मग मी दार लोटते, त्येंच्या कानापाशी जाते आन् हळूच म्हनते, हाऽऽय हाऽऽय, आला रं आला. आन् त्येंची मान फिरती बगा, डावीकडनं उजवीकडं, सावकाश, टेकाड संपेपातूर.

चा घ्या ताई, निवला तुमचा. लिवून लिवून डोळं लाल झाल्यात. डोळं जपा, माय.