शेवटचा बाक

भाईंदर पश्चिमेला उत्तनच्या एसटीची रांग पार पानवाल्यापर्यंत गेली होती. नेत्राच्या पुढे दोघी मायलेकी मासळी विकून रिकाम्या पाट्या घेऊन उभ्या होत्या. नेत्राला कान द्यायचे नव्हते, पण लेकीचा आवाजच चढला.

"आई, तू परत मामाच्या शेजारी जाऊन बसलीस? भर मिस्सेत?"

"बसले. फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या. मी हात पुढं केला."

"आणि त्यानं?"

"रुमाल काढून नाक पुसत बसला."

"अख्खं चर्च बघत होतं! बाबांना खांदा द्यायला आला न्हाय तो माणूस. चूक त्याची हाय ना?"

"त्याचीच हाय."

"मग त्यानं यावं."

"माफ मी करायचं हाय, जेसी. तो कशाला येईल?"

"तुला लाज न्हाय वाटत?"

"रोज रातच्याला आपण देवाला काय सांगतो? आम्ही माफ करतो, तसं आम्हाला कर. त्याला खोटं सांगू?"

"तो दर रविवारी बाक बदलतोय, आई."

"बदलू दे. आधी पुढं बसायचा, मग मधे. आता शेवटच्या बाकावर बसतो. त्याच्या मागं भिंत हाय."

एसटी आली. रांग हलली. लेकीनं आईच्या हातातली पाटी ओढून आपल्या पाटीत घातली.

"येत्या रविवारी मी पण तिथंच बसते."

"कशाला? भांडायला?"

"न्हाय. बाकाला दोन टोकं असतात. एका बाजूनं तू बस, दुसऱ्या बाजूनं मी बसते."