तिसऱ्या टाकीचं कुलूप

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या तेलक्षेत्राचे प्रमुखसाहेब, मुख्य कार्यालयातून आलेले पाहुणे, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या देखभाल विभागाच्या बाई, त्यांचे यजमान आणि पाळी संपवून तेलकट कपड्यांनिशी थेट इथे आलेल्या माझ्या भावांनो, बहिणींनो,

कामगारांतर्फे दोन गोड शब्द बोल, असं मला सांगण्यात आलं. पण बाईंच्या नावापुढे गोड शब्द टिकत नाहीत, त्याला मी काय करू?

बाई इथे आल्या तेव्हा आपण एक शब्द वापरायचो, आठवतोय? ‘सुस्कारा’. दुपारी तेलाची टाकी तापली की झाकणाखालून वायू फुस्सकन बाहेर पडायचा आणि आपण म्हणायचो, “टाकीनं सुस्कारा सोडला.” किती मायेनं! जणू बिचारी दमलीच आहे. बाईंनी पहिल्याच बैठकीत झापलं, “सुस्कारा माझ्या सासूबाई सोडतात. टाकी सोडते तो मिथेन!” सासूबाई सभागृहात नाहीत ना? बरं झालं.

मिथेनला ना रंग, ना वास. दिसत नाही, म्हणजे नाहीच, असं आपलं शास्त्र! मग बाईंनी वायू टिपणारा कॅमेरा आणला. आपला फिटर पैलवान म्हणाला, “चला, बाई भूत दाखवणार!” पडद्यावर काय दिसलं? तिसऱ्या टाकीच्या झाकणातून काळा लोट निघून थेट कँटीनच्या खिडकीकडे चाललेला. पैलवानाच्या हातातला चहा तसाच राहिला. मित्रांनो, जो वायू विकण्यासाठी आपण जमीन पोखरतो, तोच आभाळात सोडून देतो. तिथे तो कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट उष्णता अडवून ठेवतो. याला उत्पादन म्हणायचं?

बाईंनी त्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून त्यावर स्वतःचं लाल कुलूप घातलं. नवं झाकण आणि वायू परत ओढून घेणारं यंत्र बसेपर्यंत टाकी बंद. ते यंत्र अजून आलेलं नाही. आणि आपला नियम सगळ्यांना ठाऊक आहे : ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. म्हणून गेले काही दिवस बाईंना एकच विचारणा होते आहे, “जाताना कुलूप काढून जाल ना?” एका हातात पुष्पगुच्छ, दुसऱ्या हातात किल्ली. असा हा निरोप!

अध्यक्षसाहेब, सरळ विचारतो. उद्या ती टाकी सुरू होणार का?

आपण घड्याळाकडे पाहिलंत. काय म्हणालात? “हा विषय इथे नको”? मग कुठे, साहेब? उद्यापासून बाई कुठल्याच बैठकीत नसतील.

तर मग नियमाची दुसरी ओळही ऐका. एकाच व्हॉल्व्हवर दुसऱ्यालाही आपलं कुलूप लावता येतं. त्या टाकीवरचा पाळीप्रमुख मी आहे. हे माझं कुलूप. बाई, तुम्हाला तुमचं काढावंच लागेल. काढा. पण आधी मला माझं लावू द्या.

कोण ओरडलं मागून? पैलवान? “माझ्यासाठी जागा ठेव”? ठेवतो, बाबा. आण तुझंही.

साहेब, मला नोटीस द्यायची असेल तर खुशाल द्या. झाकण आणि यंत्र बसतील त्या दिवशी हे कुलूप मीच काढीन, आनंदानं.

माईक बंद न करता मला बोलू दिलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ते पदरात घ्यावं.

बाई, उठा. उजेड आहे तोवर टाकीकडे जाऊन येऊ.