मानेतला तिसरा पदर

असं न्हाई दिसायचं, माय — थांबा, मी उजव्या खांद्याकडं बघतो, मग डावीकडचा पदर उठतो — हां, आता लावा तुमची पट्टी. दाबा की, भ्यायचं काय त्यात, दुखत न्हाई. कवाच दुखला न्हाई — आता हे मी हळू बोलायलोय, ध्यानात घ्या. सत्यमची माय मिरची कांडून आणाया गेलीय, पण तिचे कान कांडपाच्या डंकाच्या आवाजातबी चालतेत. तुमी माप घ्या, फोटू काढा, चहा प्या, आन् ती यायच्या आत वाटंला लागा. हाकलत न्हाई तुमाला. अंबाजोगाईहून एवढ्या लांब आलाव, अडाण्याच्या मानेसाठी — पण काम नाजूक हाय.

त्या दिशी मी खोकल्यासाठी तुमच्या दवाखान्यात गेलतो. तुमच्या सरांनी खोकला सोडून मानच धरली. म्हणले, कानामागून निघणाऱ्या या स्नायूला खाली दोन पाय असतेत, एक छातीच्या हाडावर, एक हासळीच्या हाडावर — या बाबाला मधी तिसरा हाय. जन्माचाच. आजार न्हाई, इजा न्हाई, कुणाकुणाला असतो. तुमी शिकणाऱ्या अकरा जणांनी दाबून बघितलं, मला गुदगुल्या झाल्या. हिला बाहेर बाकावर बसवलं होतं म्हणून वाचलो. पोराची, सत्यमची मान बघायची? त्याला न्हाई. तो पाळण्यात होता तवाच मी चाचपलीय.

कावून चाचपली म्हणता? आता निघालंच तोंडातून. मला ठाऊक होतं की माझा जन्माचा हाय. हिला ठाऊक न्हाई. लगीन होऊन दुसरं साल, ऊसतोडीला कर्नाटकाकडं गेलतो. सकाळच्या पारी ट्रक भरायचा, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचं. पाळी माझी होती, चढत ती होती, आन् मी ट्रकाच्या आडोशाला बिडी ओढत बसलेलो — खोटं कशाला बोलू. तिच्या डोक्यावरची मोळी सुटली, धप्पदिशी माझ्या बगलंला पडली. मला ऊसाचं पानसुदिक लागलं न्हाई. ती पळत आली, मी बिडी पायाखाली घातली आन् वास येऊ नये म्हणून तोंड फिरवलं — तोंड फिरवलं की हा उठला, कासऱ्यावाणी ताठ. ती म्हणली, "माय माय, मान गेली की." मी न्हाई म्हणलो ते, तीच म्हणली. मी फकस्त डोळे मिटले. जरा कण्हलो — जरा.

कारखाना बंद होईस्तोर तिनं मला मोळी उचलू दिली न्हाई. मी तोडायचो, बांधायचो, वर न्यायची ती. तिकडं नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतेत. मुकादम हसायचा, शहादेवचा अर्धाच कोयता आलाय म्हणायचा. पुढल्या साली मीच उचलाया लागलो, लाज हाय मला — पण तेल काय सुटलं न्हाई. दिवेलागणीला करडईचं तेल कोमट करती, ओवा टाकती, आन् बोटानं वरून खाली, वरून खाली. दिवसभराचं बोलायचं ऱ्हायलेलं तवाच बोलती. चाळीस वरसं झाली. भांडलो तरी तेल चुकलं न्हाई — त्या दिशी जरा जोरात घासती, एवढंच. आता तिला कळलं की हे दुखणंच न्हाई, तर वाटी चुलीवर चढंल का? सांगा तुमीच. खोकल्याला कोण मान चोळतं?

दवाखान्यानं दिलेला कागद? हाय की. ज्वारीच्या कोठीत दडवलाय. वाचता मला येत न्हाई, हिलाबी न्हाई, पण सत्यम सुट्टीला आला की घरातला कागद न् कागद मोठ्यानं वाचतो. हा घ्या, तुमीच घेऊन जावा, माझ्या जिवाला घोर नगं — काय? खाली काय लिवलंय? वाचा की. हळू.

...कोण म्हणलं?

परत वाचा बरं. "जन्मापासून आहे. लग्नात हळद लावताना सासूने दाखवले. माहिती सांगणार — पत्नी." मी फोटूच्या खोलीत गेलतो तवा विचारलं व्हय तुमी तिला? त्या बाकावर? आन् ती एवढंच म्हणली? हसली न्हाई?

हळदीतच ठाऊक. मंजी फळीच्या आधी. मंजी ती जवा मान गेली म्हणली तवा — आन् बिडीचा वासबी — मग त्या साली मोळ्या कावून तिनं —

न्हाई, तुमी नका सांगू. तुमाला काय ठाऊक.

ती बघा, पाटी डोक्यावर घेऊन यायलीय. उठा माय, पट्टी पिशवीत टाका. कागद ऱ्हाऊ द्या हितंच. जावा आता तुमी — ऊन कललं, मला कण्हाया बसायचंय.