मेश्रामकाका चालत जायचे

शैलाकाकू, आणि चँडलरच्या मराठी मंडळातले तुम्ही सगळे. बोलायला जड जातंय. पण ते नुसत्या दुःखाने नाही. मला संताप आलाय, आणि तो मी आज लपवणार नाही.

मागे फादरचे कारकून रजिस्टर उघडून बसलेत. बसू देत. शोकसभेलाही चर्चचाच हॉल, चर्चचीच परवानगी. या अमेरिकेत चर्च आणि सरकार कधी वेगळे झालेच नाहीत, आणि आपल्याला त्याचं काही वाटेनासं झालंय.

मेश्रामकाका आमच्या चिप फॅक्टरीतले सगळ्यात हुशार इंजिनिअर. तरी अठरा वर्षं कामावर चालत आले. का? कारण इथे लायसन्स हवं तर फादरसमोर गुडघे टेकून ‘मी श्रद्धावान आहे’ म्हणावं लागतं. आपण सगळ्यांनी म्हटलं. मीही म्हटलं. आणि बाहेर येऊन पार्किंगमध्ये खिदळलो.

मी त्यांना म्हटलं होतं, “काका, म्हणून टाका हो. मनापासून थोडंच म्हणायचंय?” ते म्हणाले, “वैशाली, गाडी चालवायला देव कशाला लागतो? ब्रेक तर मीच दाबणार ना?” मग म्हणाले, “माझे आजोबा बौद्ध झाले तेव्हा अख्खं गाव विरोधात होतं. ते डगमगले नाहीत. आणि मी लायसन्ससाठी गुडघे टेकू?”

लंचला ते एक कल्पना रंगवायचे. समजा, घटना लिहितानाच चर्चला सरकारबाहेर ठेवलं असतं तर? शाळेत, ऑफिसात, कुणी विचारलंच नसतं की तू कुणाला मानतोस. आपण किती हसायचो. “काय काका, अशी अमेरिका कुठे असते का यार?” एवढ्या मोठ्या डिग्र्या आपल्या, आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरली नाही.

मंगळवारी दुपारी, भर उन्हात, काका फॅक्टरीच्या रस्त्यावर कोसळले. त्या रस्त्याने आपल्या किती गाड्या गेल्या? माझी गेली. मी त्यांना चालताना पाहिलं. माझं वर्क परमिट रिन्यू व्हायला फादरकडे होतं. गुडघे न टेकलेले काका माझ्या गाडीत कुणाला दिसायला नकोत, म्हणून मी थांबले नाही. एसी वाढवला आणि पुढे गेले. काकू, हे तुम्हाला आज पहिल्यांदा कळतंय. माफी मागायचीही मला लाज वाटते.

आता मौन. या हॉलचा नियम आहे, मौन गुडघे टेकूनच पाळायचं. जो टेकत नाही त्याचं नाव रजिस्टरमध्ये जातं. माझं परमिट अजून फादरच्याच टेबलावर आहे.

मी दोन मिनिटं उभी राहणार आहे. ज्यांना टेकायचेत त्यांनी खुशाल टेका, सवय आहेच.

काकू, तुम्ही उठलात. या, इथे माझ्या शेजारी उभ्या राहा.

वैशाली. लिहून घ्या, कारकूनसाहेब.

जय भीम, काका.