तिसऱ्या बेसवरची चूक

(नेब्रास्कातलं एक लहान गाव, रविवारची दुपार कललेली. हंगामातली शेवटची बेसबॉल मॅच संपून मैदान रिकामं झालंय. कुंपणामागच्या उंच लाकडी खोलीत मॅचची नोंद ठेवणारी विल्मा मावशी आणि चेंडू फेकणारा पिचर लायल.)

लायल : खोडून टाक ना, मावशी. चूक नव्हती ती. समोरच्या बॅटरचा फटका लिही.

विल्मा : आधी बूट बाहेर काढ, सगळी माती आत आणलीस. आणि माझी पेन्सिल कुणाच्या नात्यागोत्यातली नाही. तिसऱ्या बेसवर तुझ्या भावाच्या, केंटच्या हातातनं चेंडू सुटला, मी चूक लिहिली. संपलं.

लायल : सुटला नाही गं. खड्यावर आपटून उडाला. तिथं देव उभा असता तरी त्याला धरता आला नसता.

विल्मा : देवाला मध्ये आणू नकोस, सकाळी चर्चला आला नव्हतास. अरे, पिचर माझ्याकडं येतात ते उलटं सांगायला! 'मावशी, फील्डरची चूक होती, त्या धावा माझ्या नावावर नकोत.' पदरात पडलेलं परत करायला आलेला तू पहिलाच.

लायल : फटका लिहिलास तर असं काय होणार आहे?

विल्मा : तुला माहीत नाही होय? त्यानं चेंडू धरला असता तर इनिंग तिथंच संपली असती. म्हणून नंतर झालेल्या दोन धावा तुझ्या नव्हेत. आत्ता दर नऊ इनिंगांमागं तू दिलेल्या धावांची सरासरी पडते दोन पॉइंट चौदा, सगळ्या लीगमध्ये सगळ्यांत कमी. त्या दोन तुझ्या माथी मारल्या की होईल दोन-छत्तीस. मग पलीकडच्या गावचा तो लांबनाक्या दोन-पंचवीसवर पहिला येईल. यंदा कुंपणावर नाव त्याचं रंगवतील.

लायल : रंगवू देत.

विल्मा : तीनदा दुसरा आलायस, लायल. आणि कोपर बघ, पावासारखं फुगलंय. पुढच्या वर्षी हात खांद्यापर्यंत जायचा नाही.

लायल : म्हणूनच म्हणतो. माझं झालं. केंटचं व्हायचंय अजून. पोरं 'चाळणी, चाळणी' ओरडत होती, ऐकलंस ना? ग्लोव्ह कचऱ्याच्या पिंपात टाकून गेला तो. हा बघ, मोहरीची चटणी लागलीय. आई गेल्यापासून तो या एका खेळासाठी घराबाहेर पडतो, मावशी. तोही सुटला तर मला भीती वाटते.

विल्मा : ...बस. गोड पाव घे, कोलाचे. खसखशीचं एक उरलंय.

लायल : नको.

विल्मा : घे म्हणते ना. उद्या दुपारपर्यंत निकाल बदलायची मुभा आहे मला. पण खोटं नाही लिहिणार. खडा होता असं तिथं उभा असलेला माणूस सांगेल, तर बदलीन. जिन्यावर कोण आहे रे? केंट? वर ये, चोरासारखा ऐकू नकोस.

केंट : खडा नव्हता.

लायल : तू गप्प बस.

केंट : कसला खडा, दादा? रोज सकाळी तिथं दाताळं कोण फिरवतं? मीच ना? तिसऱ्या बेसपाशी खडा सापडला तर मी खाऊन दाखवीन. चेंडू सरळ आला. ग्लोव्हला लागला आणि सुटला.

विल्मा : लक्ष कुठं होतं?

केंट : धरायच्या आधीच, कुठं फेकायचा म्हणून, पहिल्या बेसकडं बघितलं.

लायल : अरे, वर्षभर गाव तुला...

केंट : चाळणी म्हणेल. म्हणू दे. मी तेच सांगायला आलो होतो. वाटलं, मावशीला माझी कणव येईल आणि ही फटका लिहून बसेल. तुझं नाव कुंपणावर बघायचंय मला. माझ्यापायी ते गेलं असतं, तर कुठल्या तोंडानं राहिलो असतो घरात?

लायल : मला कुंपण नकोय, केंट. तू त्या बेसपाशी उभा हवायस.

विल्मा : झालं? एकमेकांवरनं जीव ओवाळून झाला? चूक ती चूक. लायल पहिला, केंटच्या नावापुढं चूक. ही केली सही. आणि नाक पूस रे, लायल.

लायल : खसखस गेली नाकात.

विल्मा : हो, तुमच्या घरात सगळ्यांच्याच जाते. आईच्याही जायची तुमच्या.

केंट : ग्लोव्ह पिंपातनं कुणी काढला?

लायल : मी. धर.

केंट : मोहरीचा वास मारतोय.

लायल : बर्फ वितळेपर्यंत जाईल. एप्रिलात येशील ना?

केंट : एप्रिलात तू कुठं असणार? हात तर गेला तुझा.

लायल : फेकता येणार नाही. पण डाव्या हातानं बॅट धरून तुझ्याकडं सरपटी चेंडू मारता येतील.

केंट : किती?

लायल : तू आधी चेंडूकडं बघायला शिकेपर्यंत.

केंट : ...मग दाताळ्याला नवा दांडा बसवायला हवा.